फोनच्या पोटात

आमच्या घराण्यात उघडण्याचा रोग आहे. दुकान उघडणं, शाळा उघडणं, गेला बाजार एखादी पतपेढी उघडणं, असले प्रतिष्ठित रोग निराळे. ते आमच्यात कुणाला जडले असते तर एव्हाना दोंडाईच्यात आमचा माडीचा वाडा उभा राहिला असता. आमचा रोग वस्तू उघडण्याचा. बंद पडली तर का पडली म्हणून उघडायची, आणि चालू असली तर इतके दिवस कशी काय चालते आहे, म्हणून उघडायची.

आमचे वडील, म्हणजे आप्पा, हे या रोगाचे मूळ पुरुष. रविवारी सकाळी अंगणात गोणपाट अंथरलं जायचं आणि त्यावर त्या आठवड्याचा रोगी येऊन पडायचा. कधी स्टोव्ह, कधी आईचं शिवणयंत्र, कधी सायकलचं फ्रीव्हील, तर कधी शेजाऱ्यांचं लंबकाचं घड्याळ. रेडिओ तर इतक्या वेळा उघडला गेला होता की पुढेपुढे त्याच्या पाठीला पुठ्ठा लावण्याचा नाद आप्पांनी सोडूनच दिला. आमचा रेडिओ उघड्या पाठीनेच गात असे. त्यातल्या पिवळ्या दिव्याच्या उजेडात मी लहानपणी पाढे पाठ केले आहेत.

आप्पांच्या दुरुस्तीला एक नियम होता. वस्तू जोडून झाली की एक तरी स्क्रू उरायचाच. वस्तू मात्र चालायची! यावरून आप्पांनी असा सिद्धान्त काढला होता की कारखानदार लोक हौसेपोटी प्रत्येक वस्तूत एक स्क्रू जादा घालतात. हे जादा स्क्रू ते एका डब्यात टाकत. तो डबा अजून आमच्या माळ्यावर आहे. हलवला की चाळीस वर्षांच्या दुरुस्त्या एकदम खुळखुळतात.

मोबाइल फोन आला तेव्हा सुरुवातीला त्यानेही आमच्या घराण्याचा मान ठेवला. त्या फोनची पाठ अंगठ्याने सरकवली की निघत असे. फोन हातातून पडला की त्याचे आपोआप तीन भाग व्हायचे. झाकण दिवाणाखाली, बॅटरी मोरीच्या तोंडाशी आणि उरलेला फोन जागच्या जागी. घरातल्या तिघांनी तीन दिशांना जाऊन ते गोळा करायचे, जोडायचे, आणि फोन पुन्हा पहिल्यासारखा. तो अडकला तरी उपाय एकच. बॅटरी काढायची, सदऱ्याला पुसायची, तिच्यावर एक फुंकर मारायची आणि परत बसवायची. डॉक्टर लोक गोळी कोणतीही दिली तरी ‘भरपूर पाणी प्या’ म्हणतात, तसंच हे. लागू न पडण्याचा प्रश्नच नव्हता.

ऑगस्ट २००७ मध्ये तर साऱ्या देशाने एकाच वेळी फोनच्या पाठी उघडल्या होत्या. नोकिया कंपनीने जाहीर केलं होतं की बीएल-५सी नावाच्या बॅटऱ्यांपैकी, जपानच्या मात्सुशिता कंपनीने बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्ज होताना जास्त तापण्याची शक्यता आहे. झालं! आमच्या ओट्यावर गल्लीतली माणसं चष्मे लावून आपापल्या बॅटरीवरचे आकडे वाचायला बसली. दहावीचा निकालसुद्धा आमच्या गल्लीने इतक्या बारकाईने वाचलेला नाही. पण सांगायचं ते असं, की आकडे वाचता आले, कारण पाठ उघडत होती.

पुढे ती बंद झाली. त्याच २००७ साली अ‍ॅपलने बॅटरी आत कोंडलेला आयफोन काढला होता. काही वर्षांतच बाकीच्या कंपन्यांनीही तीच वाट धरली. पुढे काच, मागे काच आणि मधे डिंक. अ‍ॅपलने तर पुढे पाच पाकळ्यांच्या डोक्याचे स्क्रू वापरायला सुरुवात केली, म्हणजे घराघरातले पेचकस आपापल्या जागी निवृत्त. आप्पा हे बघायला राहिले नाहीत, हे एका परीने बरंच झालं. त्यांनी तो फोन हातात घेऊन चारी बाजूंनी फिरवला असता आणि विचारलं असतं, “हा विकत घेतलाय ना? की भाड्याने आणलाय?”

असो. आता मूळ रोग्याकडे वळतो.

आमची आई भिशी चालवते. अठरा बायका, दरमहा हजार रुपये, दर महिन्याला एक चिठ्ठी. ऐकायला सोपं वाटतं. पण कुणी पाचशे आज देते आणि पाचशे पंधरा तारखेनंतर. कुणी आपला नंबर दुसरीला देते आणि बदल्यात तिचा घेते. एकीने दोन नावांनी पैसे भरले आहेत, पैकी दुसरं नाव तिच्या नवऱ्याला माहीत नाही. रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनी आमच्या ओसरीवर एक दुपार काढावी, असं मला पुष्कळदा वाटतं.

पूर्वी आई हा हिशोब एका वहीत लिहीत असे. मग मोतीबिंदू झाला, शस्त्रक्रिया झाली, नजर आली. पण तेवढ्या काळात आमच्या धाकट्या कन्येने आजीला फोनमध्ये आवाज साठवायला शिकवलं, आणि वही सुटली ती सुटलीच. तेव्हापासून भिशीचा सगळा कारभार तोंडी. पैसे हातात पडले की आई फोन तोंडाजवळ धरते आणि सरपंचाने ठराव वाचावा तशा आवाजात म्हणते, “आज सोमवार. शिंपीणकाकूंचे पाचशे आले. पाचशे बाकी.” मागे कुकरची शिट्टी असते, कधी भंगारवाल्याची आरोळी. दोन वर्षांची अशी दप्तरं त्या फोनच्या पोटात होती. पैकी सात बायकांची भिशी लागायची बाकी होती.

आणि ऐन मे महिन्यात ते पोट फुगलं.

यात आईचा दोष नव्हता, हवामानाचा होता. कुरडया, पापड, बिबडे यांचं वाळवण गच्चीवर होतं. राखणीला आई, आणि आईबरोबर फोन. आता अ‍ॅपल कंपनी आपल्या ग्राहकांना सांगते की फोन शून्य ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरावा. आईचा फोन दुसऱ्या जातीचा, पण बॅटरीचा स्वभाव तोच. आमच्याकडे मे महिन्यात ३५ अंश म्हणजे रात्री जेवणं आटोपल्यावर ओट्यावर बसून ‘आज जरा गार आहे’ म्हणावं असं हवामान. दुपारी पारा ४४-४५ला टेकलेला असतो. हा नियम काटेकोर पाळायचा तर सगळ्या खानदेशाने होळी झाली की फोन कपाटात ठेवावेत आणि पहिला पाऊस पडेपर्यंत एकमेकांना पोस्टकार्डं लिहावीत. फोन बनवणाऱ्यांनी आमचा उन्हाळा बघितलेला नाही, एवढाच याचा अर्थ.

संध्याकाळी आईने फोन उचलला तर तो टेबलावर ठेवल्यावर डुगडुगायला लागला. पाठीचं झाकण एका बाजूने वर आलेलं, फटीतून आतलं चंदेरी काहीतरी डोकावत होतं, आणि फोन कायमचा बंद. आई अहिराणीवर आली, म्हणजे प्रकरण गंभीर. “याले काय व्हयनं वं माय?” तिने नातीला विचारलं. “मना बठ्ठा हिशोब त्यामा शे!”

कन्या तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकते. तिने फोन हातात घेतला नाही, आधी वाकून सगळीकडून बघितला आणि मग जाहीर केलं, “कुणीही याला चार्जर लावायचा नाही. दाबायचा नाही. टोचायचा तर मुळीच नाही.” मी त्याच क्षणी वर आलेलं झाकण बोटाने दाबून बसवण्याच्या विचारात होतो. हात मागे घेतला.

मग तिने आम्हाला बॅटरीची रचना सांगितली. आत धातूच्या दोन लांबलचक पातळ पट्ट्या असतात, त्यांच्यामध्ये प्लास्टिकचा विरविरीत पडदा, आणि हे सगळं अळूवडीसारखं घट्ट गुंडाळून एका पिशवीत भरलेलं. मधे जो रस असतो तो उष्णतेने आणि वयाने बिघडतो, त्याचा वायू होतो, आणि पिशवी फुगते. पडदा फाटून पट्ट्या एकमेकींना भिडल्या की पेट घेते. अशा बॅटऱ्या सोनी कंपनीने १९९१ साली प्रथम बाजारात आणल्या आणि त्यामागच्या संशोधनाला २०१९ साली तिघांमध्ये मिळून नोबेल पारितोषिक मिळालं. त्यांतले जॉन गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. इतक्या वयात नोबेल मिळवणारे तेच पहिले. त्यांच्या आडनावाचा शब्दशः अर्थ ‘चालण्याइतपत बरं’ असा होतो, हे मी आईला सांगितलं. आई म्हणाली, “मग चालत का नाही?”

दुसऱ्या दिवशी आम्ही बापलेक एसटीने धुळ्याला गेलो. तिथल्या एका अधिकृत म्हणवणाऱ्या दुकानात. नाव सांगत नाही. गारवा छान होता एवढं सांगतो. काचेपलीकडच्या तरुणाने फोनकडे लांबूनच बघितलं आणि एक छापील कागद पुढे सरकवला. त्याचा सारांश असा, की फोनमधला सगळा मजकूर गेला तरी आमची काही तक्रार नाही. मी विचारलं, “जाईलच का?” तो म्हणाला, “जाईलच असं नाही. पण सही लागते.” कन्येने विचारलं, “नुसती बॅटरी बदलायची आहे, तर मजकूर का जाईल?” त्यावर त्याने जे सांगितलं त्यात ‘पॉलिसी’ हा शब्द चार वेळा आला. शेवटी त्याने आमच्यावर दया येऊन सांगितलं की एवढ्या जुन्या फोनला खर्च करण्यापेक्षा नवा घ्या, हप्त्याने मिळतो. अठरा बायकांचे हप्ते वाचवायला आलेल्या माणसाला त्याने एकोणिसावा हप्ता देऊ केला.

फोन प्लास्टिकच्या डब्यात वाळूवर झोपवून परत आणला. परतताना कन्या मला सांगत होती की बाहेरच्या देशांत आता यावर कायदे होताहेत. युरोपीय संघाने २०२३ साली असा नियम केला की १८ फेब्रुवारी २०२७पासून लहान उपकरणांच्या बॅटऱ्या ग्राहकाला स्वतः काढता-घालता आल्या पाहिजेत. त्यात सूट-सवलती आहेतच, कायदा म्हटलं की त्या आल्याच. आपल्याकडेही केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२च्या जुलैमध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली होती. मी खिडकीतून पळसाची झाडं बघत आप्पांचा विचार करत होतो. आप्पांनी आयुष्यभर हा हक्क अंगणात गोणपाट अंथरून बजावला, आणि त्याला समिती लागते हे त्यांना कधी कळलंच नाही.

आता वाचक म्हणेल, गावात मोबाइल दुरुस्त करणारा नाही का? आहे. तालुक्याचं गाव शिंदखेडा असलं तरी आमचं गाव त्याहून मोठं. मिरचीचा बाजार आहे, स्टार्चचा कारखाना आहे, सुरत-भुसावळ मार्गावरचं स्टेशन आहे. मोबाइल दुरुस्तीच्या टपऱ्या तर पानटपऱ्यांच्या तोडीस तोड आहेत. त्यांतला एक पोरगा खरोखरच हुशार आहे. दोन तासांत काम झालं असतं. पण लग्नसराईचे दिवस, त्याच्याकडे फोनांची रांग, तो म्हणाला, “ठेवून जा, उद्या देतो.” आणि इथे आईने पाय रोवले. भिशीचा हिशोब रात्रभर परक्या घरी? शिवाय हा पोरगा आमच्या भिशीतल्या एका बाईचा भाचा. म्हणजे सकाळपर्यंत कुणाच्या दुसऱ्या नावाचं गुपित कुठे पोचलं असतं, याचा नेम नव्हता.

“मग घरीच करा काका,” तो म्हणाला. बॅटरीही त्यानेच दिली. देताना तिच्यावरचं भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह, आयएस १६०४६ हा आकडा आणि ‘आर’पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक दाखवला, हे नसेल तर ती बॅटरी घेऊ नका, मी दिली तरी घेऊ नका, म्हणाला. इतका प्रामाणिक विक्रेता मी यापूर्वी एकदाच पाहिला होता, तो सुरतेला जाणाऱ्या गाडीत शेंगदाणे विकत असे. वर त्याने कन्येला तीन वाक्यांत सगळं शास्त्र सांगितलं. आधी बॅटरीचं कनेक्शन सोड. धातूचं काही बॅटरीजवळ नेऊ नको. आणि स्क्रूंची अदलाबदल करू नको.

बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं होतात न होतात तोच भिशीतल्या बायका ‘सहज’ यायला लागल्या. मी आयुष्यात एका दुपारी एवढं सहज कधी पाहिलेलं नाही. शिंपीणकाकू विरजण मागायला आल्या आणि बसल्या. मास्तरीणबाई आईच्या गुडघ्याची चौकशी करायला आल्या आणि बसल्या. बँकेतल्या वहिनींनी तर अर्धी रजा टाकली होती. पार्लरवाली बाई मात्र कामाची वस्तू घेऊन आली. केस वाळवायचं यंत्र! फोनची पाठ गरम करून डिंक सोडवतात हे तिने कुठेतरी पाहिलं होतं, आणि त्या दिवसाची आपण मानकरी आहोत अशा थाटात ती पुढे सरसावली.

“मावशी, नको,” कन्या म्हणाली. “एरवी चाललं असतं. पण ही बॅटरी फुगलेली आहे, तिच्याजवळ उष्णता न्यायची नाही.”

पार्लरवालीचा चेहरा पडला. ते यंत्र तिने मांडीवर घेतलं आणि शेवटपर्यंत तशीच बसून राहिली. पुढच्या महिन्याची चिठ्ठी तिच्या नावाने निघाली होती, त्यामुळे उठून जाण्यासारखी तिची परिस्थिती नव्हती.

तयारी मोठी होती. कन्येने आजीची पोळपाटाखालची फडकी अंथरली. शेजारी परातीत कोरडी वाळू. एक छोट्या पेचकसांचा संच, ज्यात सुईएवढ्या जाडीची बावीस टोकं. औषधांच्या दुकानातून आणलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल; दुकानदाराने ते देताना माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती मी विसरणार नाही. आणि झाकण सोडवायला पातळ प्लास्टिकची पात. परदेशात म्हणे यासाठी गिटार वाजवायची नखी वापरतात. दोंडाईच्यात गिटार कुठून आणणार? पण ऐन लग्नसराईत बेंजो पार्टी प्रत्येक आळीत. वरातीतून परतलेल्या एका वादकाकडून मी बेंजोची नखी मागून आणली. “संध्याकाळी हळद आहे, त्याआधी परत द्या,” एवढीच त्याची अट होती.

मग कन्येने सर्वांत भयंकर फर्मान काढलं. पंखा बंद!

मे महिना, दुपारचे दोन, एका खोलीत चौदा माणसं आणि पंखा बंद. पण इलाज नव्हता. ज्वारीच्या कण्यांएवढे ते स्क्रू. पंख्याच्या वाऱ्याने एखादा उडाला असता तर भिशीच बुडाली असती. पंखा बंद केला आणि पाचच मिनिटांत वीजच गेली. तेव्हा पार्लरवाली म्हणाली, “बरंच झालं, मोह नको.” मी खिडकीशी टॉर्च घेऊन उभा राहिलो. घराण्याच्या इतिहासात प्रथमच मी एका दुरुस्तीत दिवा धरणारा होतो. लहानपणी आप्पांसाठी हेच करायचो, पण तेव्हा हे शिकण्याचं वय आहे असं सांगितलं जायचं.

झाकण अर्धं आपणच सुटलेलं होतं. कन्येने फटीत अल्कोहोलचा एकेक थेंब सोडला, नखी सरकवली, थांबली, पुन्हा सरकवली. आप्पांनी एव्हाना एक हिसडा दिला असता. पण झाकणाच्या आतल्या बाजूला बोटाचा ठसा ओळखणारी कागदासारखी पातळ पट्टी चिकटलेली असते आणि तिचं दुसरं टोक फोनमध्ये. हिसडा दिला की ती तुटते. पुस्तकाचं पान उलटावं तसं तिने ते झाकण कलतं केलं. आम्ही सगळे पुढे वाकलो. चौदा डोक्यांची सावली पडली आणि कन्या ओरडली, “उजेड!”

आत काय असेल, कोण जाणे, अशी आम्हा सगळ्यांची समजूत. निघालं ते अगदी टापटिपीचं घर. वरच्या बाजूला देवघरासारखं एक हिरवं पान, खाली चार्जिंगची छोटी मोरी आणि मधली सगळी जागा अडवून बसलेली ती फुगलेली बॅटरी. लग्नघरात जेवून आडव्या झालेल्या पाहुण्यासारखी.

स्क्रू सोळा निघाले. कन्येने कागदावर फोनचा आकार काढून ठेवला होता; जो स्क्रू जिथून निघाला तिथेच कागदावर चिकटपट्टीने चिकटवला. का, तर त्यांतले काही लांबीला केसभर जास्त असतात, आणि लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या भोकात पिळला की तो खालच्या पानातल्या तारा कापतो. फोन तिथेच संपतो. मी त्या कागदाकडे बघत राहिलो. आप्पांच्या चाळीस वर्षांत स्क्रूचा पत्ता लिहून ठेवायचं कुणाला सुचलं नव्हतं. डब्यात टाकायचे आणि देवावर हवाला.

मग बॅटरीचं कनेक्शन. एवढीशी चौकोनी टिकली, तारांच्या पट्टीच्या टोकाला. कन्या ती कुठल्या बाजूने उचलावी याचा विचार करत होती. इतका वेळ भिंतीला टेकून बसलेली आई गुडघ्यांवर हात ठेवून उठली, वाकली आणि म्हणाली, “हे टिचबटण शे! सरळ वर उचल, तिरकं नको.” साठ वर्षं ब्लाउज शिवलेल्या बाईची ती नजर. कन्येने सरळ वर उचललं. टिच्‌ असा आवाज झाला. बायकांतून ‘हंऽ’ असा उद्गार निघाला आणि मास्तरीणबाईंनी हात जोडले.

बॅटरी निघताना मात्र सगळ्यांचे श्वास अडकले होते. ती खाली डिंकाच्या पट्ट्यांवर चिकटवलेली असते. कन्येने बंद पडलेल्या एटीएम कार्डाचा तुकडा खाली सरकवला, अल्कोहोल सोडलं, आणि वाकवायची नाही, वाकवायची नाही, असं स्वतःशीच पुटपुटत ती हळूहळू उचलली. सौ. वाळूची परात घेऊन उभीच होती. बॅटरी वाळूत गेली आणि परात अंगणात सावलीला. (ती पुढे टपरीवाल्या पोराकडेच पोचवली, फोन-बॅटऱ्यांचं भंगार तो वेगळं जमवून पाठवतो. घंटागाडीत असली वस्तू टाकायची नसते, कचऱ्यात दाबली गेली की ती पेटते.)

नवी बॅटरी बसवणं दहा मिनिटांचं काम. टिचबटण आईने लावलं. तो मान तिचा होता. कन्येने सांगितलं की आता हा फोन पूर्वीसारखा पाण्यापासून सुरक्षित राहणार नाही. आई म्हणाली, “मी काय फोन घेऊन विहिरीत उतरू?” आणि पाठ चिकटवायच्या आधी चालू करून बघायचं ठरलं.

बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबून धरलं. खोलीत माशी घोंघावेल तर ऐकू यावं अशी शांतता. मग फोन थरथरला आणि पडद्यावर कंपनीचं नाव उमटलं. कन्येने मान वर केली तेव्हा तिच्या नाकाच्या शेंड्यावरून घामाचा थेंब लोंबत होता. तो फोनवर पडू नये म्हणून मी पुढे होऊन हातावर घेतला.

“पण तारीख चुकलीय,” बँकेतल्या वहिनी म्हणाल्या. त्यांचं लक्ष तिकडेच जाणार. पडद्यावर तारीख होती १ जानेवारी १९७०. कन्या म्हणाली की बरीचशी यंत्रं काळ त्याच दिवसापासून मोजतात. बॅटरी काढली की फोन आपलं वय विसरतो आणि तिथपासून सुरुवात करतो, नेटवर्क मिळालं की येईल ताळ्यावर.

“१९७० म्हणजे माझं लग्नसुद्धा झालं नव्हतं,” शिंपीणकाकू म्हणाल्या. “मग माझे हप्ते कसले थकलेत?”

त्यावर जो हशा झाला त्यात वीज आली. पंखा लावायला तिघी धावल्या, कन्येने दोघींना अडवलं आणि तिसरीने लावलाच. कागदावरून एकही स्क्रू उडाला नाही. सोळाच्या सोळा परत आपापल्या जागी गेले. एकही उरला नाही. खरं सांगायचं तर मला थोडं चुकल्यासारखं वाटलं.

तोवर तारीखही ताळ्यावर आली होती. सगळ्याजणी एका सुरात म्हणाल्या, “आता हिशोब आहे का बघा.” आईने फोन नातीकडे दिला, नातीने यादी उघडली. सगळे आवाज होते, तारखेवार, ओळीने. पार्लरवाली म्हणाली, “माझं लावा ना एखादं, खात्री होईल.” कन्येने मागचापुढचा विचार न करता बोट ठेवलं.

खोलीत आईचा आवाज घुमला. “आज गुरुवार. पार्लरवालीचे हजार आले.” मग कुकरची एक शिट्टी, आणि आवाज जरा खाली येऊन, “तीन खेपा मारल्या तेव्हा. लोकांच्या भुवया कोरायला वेळ आहे, आमचे पैसे द्यायला नाही.”

पार्लरवालीने केस वाळवायच्या यंत्राची वायर गुंडाळायला घेतली. मास्तरीणबाई एकाएकी वर पंख्याकडे बघायला लागल्या. शिंपीणकाकूंच्या चेहऱ्यावर हसू आलं होतं ते ओठांवरच थांबलं, कारण यादीत त्या पार्लरवालीच्या लगेच खाली होत्या.

आईने फोन नातीच्या हातातून काढून घेतला. त्याची पाठ अजून उघडीच होती. तिने तो पदराखाली धरला आणि शांतपणे म्हणाली, “बॅटरी उतरी गयी.”